कॉफीपुरती स्वच्छ

मंगळवारच्या गटात ड्रीमाला कॉफी करायची परवानगी होती, बोलायची नव्हती.

कोणी म्हणेल, हा कुठला न्याय? पण होता तो असा होता. कोल्टर रन या खाणींच्या गावात, चर्चच्या तळघरात दर मंगळवारी संध्याकाळी नशा सोडलेली, सोडत असलेली आणि सोडतो-सोडतो म्हणणारी वीसेक माणसं जमायची. घडीच्या खुर्च्या गोल मांडायच्या, कॉफीचं मोठं भांडं चढवायचं, कोणीतरी पेपरोनी, म्हणजे तिखट मांसाच्या चकत्या, भरलेले पाव आणायचे, आणि मग एकेकाने उठून आपली कर्मकहाणी सांगायची. बाकीच्यांनी ऐकायची. मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. हसू आलं तर मात्र बिनधास्त हसायचं. तिथे डॉक्टर नाही, फी नाही, कोणी साहेब नाही. सगळे एकाच चिखलातून आलेले, त्यामुळे सत्तरीच्या वर्लिनपासून कालच्या नवख्यापर्यंत सगळा कारभार एकेरीवर.

इथवर सगळं छान. पुढे मात्र घोडं पेंड खात होतं. गट चालवायचा वर्लिन. उभा जन्म कोळशाच्या खाणीत काढलेला, पाठ मोडलेला, दुखणं मारणाऱ्या गोळ्यांच्या नादात घरदार घालवून बसलेला आणि मग नुसत्या जिद्दीवर उभा राहिलेला माणूस. त्याचा नियम असा, की नशा सुटावी म्हणून जो डॉक्टरचं औषध घेतो, तो अजून स्वच्छ झालेला नाही. त्याने यावं, बसावं, ऐकावं, पण बोलू नये. आणि नाणं तर मागूच नये. नाणं म्हणजे पितळेचा बिल्ला. नशा सोडायला आलेल्याला पहिल्या दिवशी एक मिळायचा, वर्ष काढलं की दुसरा, मोठा. बाजारात त्याची किंमत शून्य, पण त्या तळघरात माणसं त्याच्यासाठी जीव टाकायची.

ड्रीमा रोज सकाळी जिभेखाली एक नारिंगी पट्टी ठेवायची. बोटाच्या पेराएवढी, कागदासारखी पातळ. तिने नशा चढत नाही, फक्त नशेची भूक मरते आणि माणूस चार माणसांसारखा कामावर जाऊ शकतो. पण वर्लिनच्या लेखी ड्रीमा स्वच्छ नव्हती. हे सोवळंच म्हणायचं, दुसरं काय? त्यातही गंमत अशी की या सोवळ्याला ओवळ्या बाईच्या हातची कॉफी चालत होती. नुसती चालत नव्हती, सगळे दोन-दोन कप रिचवत होते.

"कॉफी फक्कड झालीय, ड्रीमा," वर्लिन दर मंगळवारी म्हणायचा.

"बरोबर आहे. तेवढ्यापुरती मी स्वच्छ आहे ना," ड्रीमा दर मंगळवारी मनात म्हणायची आणि मूग गिळून मागच्या खुर्चीवर जाऊन बसायची.

मग ती जायचीच कशाला, असं कोणालाही वाटेल. तिच्या डॉक्टरीणबाईंनाही वाटायचं. पण डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदा भेटायच्या, तेही घाईत. पट्टीने अंगाचा आक्रोश थांबायचा, हे खरं. पण रविवारची रिकामी दुपार पट्टीला कळत नाही. ड्रीमा वृद्धाश्रमाच्या मुदपाकखान्यात कामाला होती. आधी ती वर, खोल्यांमध्ये होती. म्हाताऱ्यांना उचलता उचलता तिथेच तिची कंबर गेली, तिथूनच गोळ्या सुरू झाल्या, आणि गोळ्यांनंतर जे व्हायचं ते सगळं झालं. आता ती बटाटे सोलत असली की दारावरून औषधांची ढकलगाडी खडखडत जायची, आणि त्या खडखडाटासरशी तिच्या हाताला घाम फुटायचा. अशा वेळी ती मोठ्या फ्रीजच्या खोलीत शिरून दार लावून घ्यायची आणि वनेटाला फोन करायची.

वनेटा म्हणजे गटातली तिची पाठराखीण. नव्या माणसाला जुन्याने सांभाळायचं अशी तिथली रीतच आहे. वनेटा पासष्टीची, काटक, जिभेला धार. फोन उचलला की ती उपदेश करायची नाही. शेजाऱ्याच्या बोकडाने आज काय खाल्लं ते सांगायची.

"आज काय केलं माहितीये त्या मुडद्याने? माझी चोळी खाल्ली दोरीवरची. निम्मी. आता उरलेल्या निम्मीचं मी काय करू?"

ड्रीमा कोबीच्या खोक्यावर बसून हसत सुटायची, आणि हसता हसता ती घटका टळायची. वर्षभरात असे किती फोन झाले कोण जाणे. वनेटाने एकही चुकवला नव्हता. म्हणून ड्रीमा त्या तळघरात जायची. तिला पट्टीही हवी होती आणि ती माणसंही हवी होती. दोहोंतलं एकच घे असं सांगणाऱ्याचा तिला राग यायचा, मग तो डॉक्टर असो नाहीतर वर्लिन.

तिचं वर्ष भरायला एक आठवडा उरला होता. वनेटाच्या ओसरीवर दोघी घेवड्याच्या शेंगा दोऱ्यात ओवत बसल्या होत्या. या माळा वाळवून ठेवायच्या आणि हिवाळ्यात खारवलेल्या डुकराच्या मांसाबरोबर शिजवायच्या.

"पुढच्या मंगळवारी वर्ष भरतं तुझं," वनेटा म्हणाली.

"भरतं ना!"

"तुझ्या हिशेबाने."

ड्रीमाची सुई थांबली. "आणि तुझ्या?"

"माझ्या हिशेबाने अजून सुरूच झालेलं नाही, पोरी. तुला माहितीये ते." वनेटाने माळ खाली ठेवली. "हे बघ, तुझ्याइतका जीव मी फार थोड्यांना लावला. तुझ्या तळहातावर ते नाणं माझ्या हाताने ठेवायचंय मला. ती पट्टी सोड. मी आहे ना. दिवसातून दहा वेळा फोन कर, पण ती सोड."

"आणि नाही सोडली तर?"

वनेटा शेंगेची शीर ओढत राहिली. शेंग केव्हाच साफ झाली होती. "तर मला फोन करू नकोस. कुबडी काखेत घेऊन फिरणाऱ्याला मी पळायला शिकवू शकत नाही."

तिच्या ओठांवर एक नाव आलं होतं, ते तिने गिळलं. माळ पुरी केली, खिळ्याला टांगली आणि घरी आली.

ते नाव होतं कॉर्लिस. ड्रीमाला पहिल्यांदा त्या तळघरात घेऊन गेला तो हाच. त्याच्या गाडीचा रेडिओ मोडलेला होता, म्हणून तो स्वतःच गायचा, आणि इतकं बेसूर गायचा की रेडिओ त्यानेच मोडला असावा असं वाटायचं. कॉर्लिसही पट्टीवर होता, कामावर जात होता, आईला दवाखान्यात नेत होता. त्याचीही पाठराखीण वनेटाच. तिने सांगितलं, वर्लिनने सांगितलं, सगळ्यांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं, आणि त्याने पट्टी सोडली. टाळ्यांच्या कडकडाटात त्याला नाणं मिळालं. तो ते ज्याला त्याला दाखवत सुटला होता, कोल्टर रनच्या पेट्रोल पंपावरच्या पोरीलासुद्धा. नंतर एकदा भूक अनावर झाली आणि त्याने पूर्वीइतकंच घेतलं. मधल्या काळात शरीराची सवय मोडली होती, त्याला ते झेपलं नाही. संपला. शवपेटीत त्याच्या कोटाच्या खिशात ते नाणं ठेवलं. आणि गट काय म्हणाला? म्हणाला, "पोरगा चांगला होता, पण देवाला मनापासून शरण आला नाही." हद्द झाली! ड्रीमाने तेव्हाही कॉफीच केली होती.

तो आठवडा तिने कसा काढला ते तिचं तिला माहीत. दोनदा तिने पट्टीचं पाकीट कचऱ्याच्या डब्यावर धरलं. मरायची भीती होती, पण त्याहून मोठी भीती त्या फोनची होती. पलीकडे कोणी उचलणारच नसेल तर फ्रीजच्या खोलीत बसून करायचं काय? दोन्ही वेळा हात मागे आला, आणि दोन्ही वेळा तिला स्वतःचाच राग आला, की आपण या विचारापर्यंत आलोच कशा!

मंगळवारी तिने नेहमीसारखी कॉफी चढवली. वनेटा येऊन समोरच्या खुर्चीवर बसली. नजरेनेच तिने विचारलं. ड्रीमाने मान हलवली, नाही. वनेटाने तोंड फिरवलं.

त्या दिवशी एक नवा माणूस आला होता. डेन्झिल नाव, पन्नाशीचा, खांदे दारात न मावणारे, हात फावड्याएवढे. कॉफीचा कप त्याने दोन्ही हातांनी धरला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर वर्लिनने नेहमीचा पुकारा केला, "आजपासून सोडायचंय असं कोणी आहे? पुढे या, नाणं घ्या."

डेन्झिल उठला. पुढे जाऊन म्हणाला, "खोटं बोलत नाही. मला डॉक्टरने पट्टी दिलीय. कालपासून घेतोय. चालेल ना?"

वर्लिन वाईट माणूस नव्हता, तेवढं सांगायलाच हवं. त्याने डेन्झिलच्या खांद्यावर मायेने हात ठेवला. "मग सध्या ऐक, भावा. सुटली की ये. नाहीतर," त्याने कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याकडे बोट केलं, "आत्ताच संपव. डबा तिथे, नाणं इथे."

डेन्झिलने शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं. कोणीतरी टाळ्यांसाठी हात वर आणलेही होते. ड्रीमाला तो डबा दिसला, ते फावड्याएवढे हात दिसले, आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. कॉफीच्या टेबलाशी उभी होती तिथूनच ती खणखणीत आवाजात म्हणाली,

"माझं नाव ड्रीमा. मी नशेकरी."

"हाय, ड्रीमा!" सगळी खोली म्हणाली.

झालं! वर्षानुवर्षांची सवय ती. बोलायला उठलेल्याने असं नाव सांगितलं की स्वागत करायचं. डोकं जागं होईपर्यंत तोंडं बोलून मोकळी झाली होती. सर्वांत मोठा आवाज वर्लिनचा होता, आणि त्याने लगेच जीभ चावली. पण आता काय उपयोग? एकदा गटाने 'हाय' म्हटलं की बोलणाऱ्याचं संपेपर्यंत कोणी मध्ये तोंड घालायचं नाही, हा नियम खुद्द वर्लिनने घालून दिला होता. मध्ये बोलले म्हणून त्याने एकदा चर्चच्या पाद्रीबुवांनाही गप्प बसवलं होतं, त्यांच्याच तळघरात. ड्रीमाने हे काही ठरवून केलं नव्हतं. पण पाय ठेवायला जागा मिळाली म्हटल्यावर ती कसली सोडते!

"थँक्यू," ती म्हणाली. "आज माझं वर्ष भरलं. वर्षभर मी तुम्हाला कॉफी पाजली आणि गप्प बसले. आता पाळी माझी. मी कोणाला सल्ला देत नाहीये हं, वर्लिन. सल्ला द्यायची रीत नाही. मी माझंच सांगतेय."

वर्लिनने हातातलं नाणं उलटंसुलटं केलं.

"मी रोज पट्टी घेते. आज सकाळी घेतली, उद्याही घेणार. या वर्षात मी एकदाही नशा केली नाही, कोणाची पर्स उघडली नाही, कोणाच्या बाथरूममधलं कपाट उचकटलं नाही. तरी तुम्ही म्हणता मी स्वच्छ नाही. मग माझ्या हातची कॉफी तुम्हाला कशी चालते? ती का नाही डब्यात ओतत?"

मागे कोणीतरी फसकन हसलं. हसायची मुभा होतीच.

"तुम्ही नसता तर मी वाचले नसते. तेही सांगते, कारण ते खरं आहे. डॉक्टरीणबाई नसत्या तरी वाचले नसते. मी दोघांची आहे. ज्याला अर्धीच ड्रीमा हवी असेल, त्याने दुसरी अर्धी कुठे पुरायची ते आधी सांगावं. कारण पुरावीच लागेल. मी पाहिलंय पुरताना. मला या तळघरात कॉर्लिसने आणलं. तो पट्टीवर होता तोवर जिवंत होता, गात होता, आपलं डोकं उठवत होता. तुम्हाला त्याच्या हातात नाणं बघायचं होतं. बघितलंत. मग आपण सगळ्यांनी ते नाणं त्याच्याबरोबर मातीत घातलं आणि वर तोंड करून म्हणालो, तो मनापासून शरण आला नाही. लाज नाही वाटली आपल्याला? तो आपल्यालाच तर शरण आला होता! आपण म्हटलं ते सगळं केलं त्याने. मीही टाळ्या वाजवल्या, म्हणून मलाही म्हणतेय. आता मात्र या खोलीत कोणीही अशा कारणाने टाळी वाजवली, तर मी गप्प बसणार नाही. हवं तर हाकला मला. मी पुढच्या मंगळवारी परत येईन, वर पायरीवर बसेन आणि खिडकीतून बोलेन. पावसात बसेन. झालं माझं."

असं कोणी बोलून संपवलं की "थँक्यू, ड्रीमा" म्हणायची रीत होती. चार-पाच जण पुटपुटले, बाकीच्यांनी बुटांकडे पाहिलं. वनेटा उठली, खुर्ची तशीच सोडून जिना चढून वर गेली. डेन्झिल अजून मधोमध उभा होता. त्याने वर्लिनच्या हातातल्या नाण्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, पाकीट परत शर्टाच्या खिशात घातलं आणि खिशाचं बटण लावलं.

"मी बसतो," तो म्हणाला. "ऐकतो सध्या."

"पट्टीवाल्यांचं काय करायचं, मतदान घ्यावं लागेल याच्यावर," वर्लिन शेवटी म्हणाला.

"घ्या की! कोणी अडवलंय?" ड्रीमा म्हणाली आणि आयुष्यात प्रथमच तिने कॉफीचं भांडं न विसळता तसंच ठेवलं.

वर, गाड्या लावायच्या जागेत, वनेटा आपल्या गाडीला टेकून उभी होती. अजून उजेड होता. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सगळ्यांदेखत मढं टाकलंस माझ्या दारात."

"तुझं नाव घेतलं नाही मी."

"घ्यायला हवं होतं का? कोणाला ठाऊक नाही त्याची पाठराखीण कोण होती?" वनेटाने गाडीची किल्ली मुठीत आवळली. "त्याने मला विचारलं होतं, नक्की सोडू ना? मी म्हटलं, नक्की. तुला काय वाटलं, मी त्याला मारायला निघाले होते?"

"नाही. तू त्याच्यावर जीव टाकत होतीस. म्हणून तर त्याने ऐकलं तुझं. म्हणूनच मी ऐकणार नाहीये."

"मग फोन करू नकोस मला. सांगून ठेवलंय."

"करणार," ड्रीमा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज ताठ होता. "उद्या सकाळी करणार. परवाही करणार."

"मी उचलणार नाही."

"नको उचलूस. वाजू दे. बोकड उचलेल."

वनेटा हसली नाही. गाडी सुरू करून ती निघून गेली, आणि ड्रीमा त्या रिकाम्या जागेत उभी राहून हुंदके देऊन रडली. बरोबर बोललो म्हणून काही रडू थांबत नाही.

सकाळी ती उठली, तोंड धुतलं, पाकीट फोडून पट्टी जिभेखाली ठेवली आणि तोंडात पट्टी असतानाच मुद्दाम फोन लावला. घंटी वाजत राहिली. खिडकीबाहेर शाळेची बस येऊन गेली. वनेटाने आजवर फोन इतका वेळ कधी वाजू दिला नव्हता. आता संपलंच, असं ड्रीमाला वाटलं. तरी तिने फोन खाली ठेवला नाही.

पलीकडे फोन उचलला गेला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नाणं मिळणार नाही तुला," वनेटा म्हणाली. आवाज घोगरा होता, झोप झाली नसावी. "मतदानाला मी हात वर करणार नाही."

"हं," ड्रीमा म्हणाली.

"आणि पुन्हा त्या पोराचं नाव काढलंस, तर चर्चच्या जिन्यावरून ढकलून देईन तुला."

"हं."

"हं काय, हं? काल तर तोंडाचा पट्टा सुरू होता नुसता!"

ड्रीमाने पट्टीवर जीभ दाबून धरली. बोलता येत नव्हतं.

"तोंडात आहे का ती?" वनेटाने विचारलं.

"हं."

"किती वेळ लागतो विरघळायला?" हे तिने ड्रीमाला वर्षभरात कधी विचारलं नव्हतं. कॉर्लिसलाही विचारलं नव्हतं.

"दा मिंटं," ड्रीमा बोबड्या तोंडाने म्हणाली.

"मग बोलू नकोस. गिळू नकोस, थुंकूही नकोस. पुरती विरघळू दे," वनेटा म्हणाली. "मी आहे फोनवर."